व्ही-आय-एक्स-एन-यू-एम म्हणजे विष्णूच: गोव्यातल्या एक्सबद्दल

तुमचे प्रश्न दोन आहेत. गोव्याच्या हॉटेलात शाकुतीचं स्पेलिंग एक्सने का सुरू होतं हा एक, आणि घरात सापडलेल्या जुन्या पोर्तुगीज कागदावर पणजोबांचं नाव व्ही-आय-एक्स-एन-यू-एम असं लिहिलंय ते 'विक्सनम' वाचायचं का, ती कारकुनाची चूक समजून भाषांतरात सुधारून घ्यायची का, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण तिथं नुकसान होऊ शकतं. ती चूक नाहीये. नाव विष्णू असंच आहे, आणि कृपा करून काही सुधारून घेऊ नका. भाषांतर करणाऱ्याला सांगा की मूळ कागदावर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर ठेवा, आणि हवं तर खाली टीप द्या की याचा उच्चार विष्णू. एकदा का तुम्ही भाषांतरात एस-एच घालून 'बरोबर' केलंत की मूळ कागद आणि भाषांतर यात दोन वेगळी नावं होतात आणि मग पुढचा प्रत्येक कागद तपासणारा माणूस विचारतो की ही दोन माणसं का एक. मी पणजीत बावीस वर्षं पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करतोय, जन्माच्या नोंदी, जमिनीचे कागद, वाटणीपत्रं, आणि माझ्याकडे येणाऱ्या अडचणींतल्या निम्म्या तरी या एका अक्षरापाशी येऊन थांबतात.

आता एक्स 'श' कसा झाला ते सांगतो, थोडं लांबेल पण मराठी माणसाला हे पटकन समजतं, कारण आपल्या भाषेत हेच घडलेलं आहे.

एक्स रोमन लोकांकडे आला ग्रीकांकडून, मध्ये एट्रुस्कन या इटलीतल्या जुन्या लोकांच्या हातातून. ग्रीक लिपी सुरुवातीला एकच एक नव्हती, गावोगाव फरक होते. पूर्वेकडच्या आयोनियन ग्रीकांमध्ये ही फुलीसारखी खूण 'ख' सारख्या आवाजासाठी होती आणि 'क्स' साठी वेगळं अक्षर होतं, तर पश्चिमेकडे, म्हणजे युबिया बेटावरच्या लोकांकडे, हीच फुली 'क्स' साठी वापरायचे. आता इसवीसनापूर्वी आठव्या शतकात इटलीत नेपल्सजवळ येऊन राहिले ते हे युबियावाले, म्हणून इटलीत 'क्स' वाली फुली रुजली. इकडे अथेन्सने इ.स.पू. ४०३ मध्ये आयोनियन लिपी अधिकृत केली आणि पुढे सगळ्या ग्रीसने तीच घेतली, म्हणून ग्रीकमध्ये आज ती फुली 'ख' आहे आणि लॅटिनमध्ये 'क्स'. ख्रिस्तोस या ग्रीक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणून नाताळाच्या इंग्रजी शब्दात जी फुली लिहितात ती ही ग्रीक 'ख' आहे, ख्रिस्ताचं नाव गाळायला म्हणून ती आलेली नाही, हेही मला दर डिसेंबरात कुणाला तरी सांगावं लागतं.

रोमन लोकांत एक्स हे बराच काळ शेवटचं अक्षर होतं. वाय आणि झेड नंतर, ग्रीक शब्द लिहायला म्हणून, इ.स.पू. पहिल्या शतकात आले. रोमन लेखक सिसेरो एके ठिकाणी अक्षरं एकवीसच सांगतो. आणि ऑगस्टस बादशहा गुप्त पत्रं लिहिताना ए च्या जागी बी, बी च्या जागी सी असं एकेक अक्षर पुढे सरकवायचा, पण एक्सपाशी आला की पुढे काही नाही म्हणून डबल ए लिहायचा, हे त्याचा रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलंय.

तर लॅटिनमध्ये एक्स म्हणजे 'क्स'. बरोब्बर आपला क्ष नाही, पण जवळचा. आणि नुसता जवळचा नाही, नात्यातला आहे. चाकाच्या मधल्या दांड्याला लॅटिनमध्ये आक्सिस, संस्कृतात अक्ष. उजव्याला लॅटिनमध्ये डेक्स्टर, संस्कृतात दक्षिण. मुळात एकाच घरातले शब्द.

पुढे बघा काय झालं. बोलता बोलता जोडाक्षर झिजतं. आपल्याकडे क्षेत्र चं शेत झालं. मक्षिका ची माशी झाली. अक्ष चा आस झाला, बैलगाडीचा आस म्हणतो तो. काही शब्दांत ख झाला, क्षीर ची खीर, कक्षा ची काख, तो वेगळा रस्ता. पण शेत आणि माशी बघितलं की क्ष चा श होणं ही काय अजब गोष्ट नाही हे लक्षात येतं. पोर्तुगालमध्ये हेच झालं. लॅटिन आक्सिस, त्यातला क आधी मऊ होऊन य सारखा झाला आणि मग त्या य ने पुढच्या स ला ओढून श केला, म्हणून आज लिस्बनमध्ये आसाला म्हणतात 'ऐशु'. स्पेलिंग ई-आय-एक्स-ओ. त्यातला तो आय आहे ना, तो त्या गेलेल्या क ची शेवटची खूण आहे. सोडणे या क्रियापदाचं तसंच, लॅटिन लाक्सारे, पोर्तुगीज 'दैशार'. उच्चार बदलला पण लिहिणाऱ्यांनी अक्षर बदललं नाही, एक्स तसाच राहिला आणि त्याच्या आत आवाज 'श' झाला.

मग बाहेरून श वाले शब्द आले तेही एक्सनेच लिहिले गेले. अरबांचं राज्य तिथं काही शतकं होतं. अरबीतल्या शराब म्हणजे पेय या शब्दावरून पोर्तुगीज 'शरोप', औषधाचं सिरप, आपलं सरबत पण त्याच कुळातलं. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे एक्स-ए-डी-आर-ई-झेड, 'शद्रेश', बुद्धिबळ. हा आपला चतुरंग. इथून इराणात चत्रंग, अरबीत शत्रंज, तिथून पोर्तुगाल. तेव्हा एक्स बघून परका वाटतो तो शब्द निघाला मात्र इथूनच.

आता गोवा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५५६ मध्ये छापखाना आला, तो भारतातला पहिला, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात. जेझुइट पाद्र्यांना इथल्या लोकांच्या भाषेत बोलायचं होतं, छापायचं होतं, आणि हाताशी खिळे होते रोमन. मग प्रश्न आला की आपल्या भाषेतला श लिहायचा कसा. त्यांच्या डोक्यात उत्तर तयार होतं, श म्हणजे एक्स.

इथं हुशार वाचक विचारतो आणि मलाही सुरुवातीला हा प्रश्न पडला होता, की आजच्या पोर्तुगीजमध्ये सी-एच चा उच्चारही 'श' च होतो, मग तेव्हा सी-एच का नाही घेतलं? याचं उत्तर तुमच्या खिशात आहे. चावी. चावी हा पोर्तुगीज शब्द, स्पेलिंग सी-एच-ए-व्ही-ई. आज लिस्बनमध्ये त्याला 'शाव्ह' असं काहीसं म्हणतात. पण आपण श म्हणत नाही, च म्हणतो. कारण आपण तो शब्द घेतला तेव्हा त्यांच्या तोंडात तो च होता! पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आजही म्हाताऱ्या लोकांच्या बोलण्यात तो च ऐकू येतो. म्हणजे त्या काळात सी-एच म्हणजे च आणि एक्स म्हणजे श, दोन वेगळे आवाज, दोन वेगळ्या खुणा, आणि पाद्र्यांनी त्या तशाच्या तशा कोकणी-मराठीला लावल्या. पुढे पोर्तुगालमध्ये दोन्ही आवाज एक झाले पण गोव्यातली रोमी लिपी, म्हणजे कोकणी लिहायची रोमन अक्षरं, तोवर पक्की झाली होती, तिच्यात आजही सी-एच म्हणजे च आणि एक्स म्हणजे श. मला याचं फार अप्रूप वाटतं, की लिस्बनने जो फरक हरवला तो आपण चावी म्हणताना अजून सांभाळतोय.

याचा मोठा दाखला म्हणजे ख्रिस्तपुराण. थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत हे पुराण लिहिलं, १६१६ मध्ये गोव्यातच राचोलला छापलं गेलं, रोमन अक्षरांत. विचार करा, माणूस इंग्लंडचा, त्याच्या मातृभाषेत श साठी एस-एच होतं, तरी श साठी घेतला तो पोर्तुगीज धर्तीचा एक्स, कारण वाचणारे त्या वळणाचे होते. अक्षराचा आवाज लिहिणाऱ्याच्या जन्मगावावरून ठरत नाही, ज्या लोकांसाठी लिहिलंय त्यांच्या सवयीवरून ठरतो. मराठी साहित्याच्या इतिहासात आपण ख्रिस्तपुराणाचं नाव आदराने घेतो पण ते छापलेलं पान समोर ठेवलं तर बहुतेकांना वाचता येत नाही, आणि त्याचं एक कारण हा एक्स आहे.

तेव्हापासून आजपर्यंत रोमी कोकणीत हाच नियम. शिगमो एक्सने. शीत-कडी एक्सने. खेकड्यांचं शेकशेक, दोन्ही श एक्सने. शिणाण्यो, म्हणजे एक प्रकारच्या शिंपल्या, त्याही एक्सने. केपे तालुक्यातलं शेल्डें आणि शेळवण, दोन्ही गावांच्या पाट्यांवर एक्स, आणि बसमध्ये पुण्या-मुंबईचे पाहुणे 'झेल्डेम' म्हणतात तेव्हा कंडक्टरला कळत नाही कुठं उतरायचंय. पिलारहून १९३३ पासून निघणारं 'वावराड्यांचो इष्ट' हे साप्ताहिक, त्यातला इष्ट लिहितात आय-एक्स-टी-टी. म्हणजे ष पण एक्सनेच, आणि दोनदा टी म्हणजे ट. तुमच्या विष्णूतला ष तोच.

आणि क्ष चं काय? रोमीत क्ष लिहायचा तर के-एक्स. शिक्षण हा शब्द बघा, एक्स-आय-के-एक्स-ओ-एन-एन. एकाच शब्दात पहिला एक्स श चा आणि दुसरा के ला चिकटून क्ष चा. इतकं स्वच्छ लिखाण आहे ते, एकदा किल्ली सापडली की.

आपला गोंधळ होतो तो कशामुळं, तर आपल्या डोक्यात आधीच दोन एक्स बसलेत आणि दोन्ही इंग्रजीतून आलेत. एक झेरॉक्सचा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला एक्स आला की झ म्हणतात, झेरॉक्स, झायलोफोन, आणि म्हणून मेनूकार्डावर शाकुती दिसली की माणूस 'झाकुटी' म्हणून मोकळा होतो. दुसरा एक्स लक्ष्मीचा. आपण लक्ष्मण, लक्ष्मी, दीक्षित ही नावं सर्रास एक्सने लिहितो, म्हणजे क्ष साठी, जी खरं तर लॅटिनच्या मूळ आवाजाला जास्त जवळची सवय आहे. आपल्या जुन्या लोकांनी तर उलट बाजूनेही हेच जुळवलं, एक्स-रे ला क्ष-किरण म्हटलं. रंटगेनला १८९५ मध्ये ते किरण सापडले तेव्हा ते काय आहेत हे माहीत नव्हतं म्हणून त्याने गणितातल्या अज्ञाताचं अक्षर दिलं, आणि गणितात ते अक्षर अज्ञातासाठी रूढ केलं फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये, माहीत असलेल्या संख्यांना ए बी सी आणि माहीत नसलेल्यांना एक्स वाय झेड. (अरबीत 'वस्तू' ला शय म्हणतात, ते स्पॅनिशमध्ये एक्सने लिहिलं आणि तिथून बीजगणितातला एक्स आला अशी एक गोष्ट फार फिरते, ऐकायला गोड आहे पण तिला कागदाचा आधार नाही, म्हणून मी सांगत नाही कुणाला.) भास्कराचार्यांनी याच कामासाठी यावत्-तावत्, कालक, नीलक असे शब्द वापरले होते, ते आपण शाळेत शिकवत नाही याचं मात्र वाईट वाटतं.

तर झ, क्ष आणि श, तिन्ही बरोबर आहेत, आपापल्या घरात. नाव कुठल्या घरातलं ते आधी बघायचं. गोव्यातला, १९६१ च्या आधीचा कागद असेल तर श धरून वाचायला सुरुवात करायची.

संत फ्रान्सिस झेवियरचंच उदाहरण घ्या. माणूस जन्मला १५०६ मध्ये नावारामध्ये, म्हणजे आजच्या उत्तर स्पेनमध्ये, हाविएरच्या वाड्यात. या नावाचा मूळ शब्द तिथल्या बास्क भाषेतला, एत्शेबेरी, म्हणजे नवं घर. त्या काळी एक्सने लिहून आत श चा आवाज. १५४२ मध्ये गोव्यात आला तेव्हा पोर्तुगीज त्याला शाविएर म्हणत होते आणि गोव्याच्या कोकणीत आजही ते शाविएरच. स्पेनमध्ये मात्र त्या शतकानंतर हा श घशात मागे सरकला आणि 'ख' सारखा झाला, मग १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने अशा ठिकाणचे एक्स काढून जे घालायचं ठरवलं, म्हणून तिथं तो हाविएर. इंग्रजांनी एक्स बघून झेवियर केला आणि मुंबईच्या कॉलेजमुळं आपल्या तोंडात तोच बसला. एकाच माणसाचं नाव, तीन आवाज. मेक्सिकोचंही तसंच, तिथल्या नाहुआतल भाषेत ते मेशिको होतं, स्पॅनिश लोकांनी श म्हणून एक्स लिहिला, मग स्पॅनिशचा आवाज बदलला आणि आज ते लोक मेहिको म्हणतात, आपण इंग्रजीमुळं मेक्सिको. शेरी नावाची जी दारू आहे ती स्पेनमधल्या हेरेस गावची, पण इंग्रजांनी नाव घेतलं तेव्हा स्पेनमध्ये श होता म्हणून शेरी राहिलं. म्हणजे आपल्या चावीसारखंच झालं, दुसऱ्याच्या भाषेत जाऊन जुना आवाज टिकला.

व्हिएतनामची रोमन लिपीही पोर्तुगीज वळणाच्या पाद्र्यांनी बसवली, तिथं एक्स आहे, आज त्याचा उच्चार स आहे. चिनी भाषेच्या सरकारी रोमन लिखाणात, जे १९५८ मध्ये ठरलं, एक्स म्हणजे जवळजवळ आपल्या शी मधला श, म्हणून तिथल्या अध्यक्षांचं आडनाव आपण पेपरात शी असं लिहितो. हे लिहिताना कुणी 'क्सी' लिहीत नाही ना, मग विष्णूला विक्सनम का करायचं?

पोर्तुगीज भाषेत स्वतःत मात्र एक्स एवढा सरळ नाही, हे सांगून ठेवतो कारण कागदात फक्त नावं नसतात. परीक्षेला 'इझाम', तिथं झ. पुढचा किंवा जवळचा या अर्थी 'प्रॉसिमु', तिथं स. टॅक्सीत क्स. माशाला 'पैश', तिथं श. हे पाठच करावं लागतं, पोर्तुगालच्या पोरांनाही करावं लागतं. १९११ मध्ये त्यांनी स्पेलिंगची मोठी साफसफाई केली, पी-एच, टी-एच, बराचसा वाय सगळं काढून टाकलं, पण एक्स ला हात लावला नाही. पण कोकणी-मराठी नाव असेल तर बाकीचे आवाज विसरा, श किंवा ष.

आता एक अडचण जी मला वारंवार दिसते. कारकून लोक नियम पाळायचेच असं नाही, आणि नंतरच्या काळात सी-एच आणि एक्स त्यांना सारखेच ऐकू येत होते, शिवाय काहींना श ऐवजी स च ऐकू यायचा. त्यामुळं एकाच माणसाचा शंकर एका कागदावर एक्सने, दुसऱ्यावर एसने, क्वचित तिसऱ्यावर सी-एच ने सापडतो. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, आजोबा शांताराम, त्यांची नोंद मिळत नाही म्हणून ते वर्षभर एका कचेरीत खेपा घालत होते. तिथं कुणीतरी अनुक्रमणिकेत एस खाली बघायचं, नाही म्हणायचं आणि परत पाठवायचं. आडनावाखाली पण बघून झालं होतं. आता ह्या जुन्या पोर्तुगीज अनुक्रमणिका बऱ्याचदा आडनावावरून नाही तर पहिल्या नावावरून लावलेल्या असतात, आणि एक्स हे अक्षर येतं पार शेवटी, वहीच्या शेवटच्या पानांवर जिथं वाळवी लागलेली असते आणि कुणी उघडत नाही. ते तिथं होते. एक्स-ए-एन-टी-ए-आर-ए-एम-ए. नातू पान बघून रडला, मला अजून आठवतं. मुंबईला नोकरीला गेलेल्यांच्या घरात हे हमखास होतं, कारण दोन पिढ्यांत नावाचं इंग्रजी स्पेलिंग बदललेलं असतं आणि जुनं कसं होतं हे सांगायला कुणी उरलेलं नसतं.

म्हणून शोधताना शंकर, शांताराम, शेट, शंभू असं काहीही असेल तर आधी एक्स उघडा, मग एस, मग सी-एच. आणि मधल्या अक्षरातला श असेल, केशव, गणेश, परशुराम, तर तिथंही एक्स धरून नजर फिरवा.

शेवटचा जो एम आहे तुमच्या कागदावर, तो म नाही. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी एम म्हणजे नाकात सोडलेला स्वर, अनुस्वार म्हणा. विष्णू मधल्या ण मुळं शेवटचा ऊ नाकातून ऐकू आला असेल त्यांना, म्हणून एम. गावांच्या नावांच्या शेवटी जो एम दिसतो तोही असाच, शेल्डें मधला. आणि नावात ओ दिसला की बऱ्याचदा आपला अ समजा, कोकणीतला अ थोडा गोल ओठांनी येतो तो त्यांनी ओ लिहिला. शेवटचा ए बहुधा सोडूनच द्यायचा, अकारान्त नाव संपवायला लावलाय. आजच्या रोमीत के असला तरी या जुन्या पोर्तुगीज कागदांत क साठी के वापरायचे नाहीत, ई-आय च्या आधी क्यू-यू आणि इतर ठिकाणी सी.

एवढं धरून तुम्ही पाठवलेली दुसरी ओळ वाचा, क्यू-यू-ई-एक्स-ओ-व्ही-ए. क्यू-यू-ई म्हणजे के, एक्स-ओ म्हणजे श, व्ही-ए म्हणजे व. केशव. विष्णूच्या लगेच पुढे आलंय आणि त्याच्या पुढे आडनाव आहे, म्हणजे हे वडलांचं नाव असणार, तुमच्या खापरपणजोबांचं. खात्री करायची तर त्याच कागदात 'फिल्यु द' असे दोन शब्द शोधा, एफ-आय-एल-एच-ओ आणि डी-ई, म्हणजे 'याचा मुलगा', आणि त्यापुढे हेच नाव परत आलं तर केशव नक्की.